हायब्रिड मोटार आणि इंधनाची बचत : नागावच्या रस्त्याच्या आधारे एक प्रस्तावना

हायब्रिड मोटारीत ऊर्जा दोन ठिकाणी साठते, पेट्रोलच्या टाकीत आणि बॅटरीत. पण ही ऊर्जा बाहेरून आत येण्याची वाट एकच असते आणि ती पेट्रोलपंपावरून जाते. भिंतीवरच्या प्लगला न जोडता वापरल्या जाणाऱ्या साध्या हायब्रिड गाडीच्या बॅटरीतली वीज एक तर इंजिनाने जनित्र फिरवून तयार केलेली असते, नाहीतर वेग कमी करताना किंवा उतार उतरताना चाकांकडून परत मिळवलेली असते. चाकांना मिळालेली गतीही मुळात पेट्रोल जाळूनच आलेली असते. म्हणून बॅटरीवर धावलेला किलोमीटर फुकटचा नसतो. एवढे नीट समजले की इंधन वाचवण्याची बाकीची सारी तंत्रे त्यातूनच उलगडतात. बॅटरी केव्हा वापरायची आणि इंजिन केव्हा चालू करायचे, हे गाडीतला संगणक सेकंदाला कितीतरी वेळा ठरवत असतो. चालकाच्या हाती दोन गोष्टी राहतात. एकदा मिळवलेली गती ब्रेकवर उष्णता होऊन वाया जाऊ द्यायची नाही, आणि इंजिन चालेल तेव्हा त्याला सोसेल अशा भाराने चालू द्यायचे.

अलिबागहून रेवदंड्याकडे निघाले की कुरूळ आणि आक्षी मागे टाकल्यावर नागाव लागते. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्यामधून किनाऱ्याकडे उतरणाऱ्या चिंचोळ्या गल्ल्या आणि शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ, हे या गावाचे आजचे चित्र आहे. हायब्रिड गाडी चालवण्याचे तंत्र समजून घ्यायला नागावची वाट फार उपयोगी आहे, कारण गाडीच्या इंधनखर्चावर परिणाम करणारी जवळजवळ प्रत्येक परिस्थिती तिच्यावर भेटते. पुण्याहून येणाऱ्याला बोरघाटाचा लांब उतार मिळतो. मुंबईहून येणाऱ्याला अटल सेतूवरचा मोकळा वेग आणि समुद्राचा वारा मिळतो. पेणला दोघांच्या वाटा एक होतात आणि सुट्टीच्या दिवशी पुढे वडखळला गाड्या खोळंबतात. पुढे पोयनाड, कार्लेखिंडीचा छोटा चढउतार, अलिबाग शहर आणि शेवटी गतिरोधकांनी भरलेला चौल-रेवदंड्याचा अरुंद रस्ता. किनाऱ्याचा दमट उन्हाळा आणि चार महिन्यांचा पाऊस यांचाही इंधनाच्या हिशेबात वाटा असतो.

टोयोटाची प्रियस डिसेंबर १९९७मध्ये जपानात विक्रीला आली. मोठ्या संख्येने तयार झालेली ती पहिली हायब्रिड मोटार. भारतात ती २०१०मध्ये आली, पण किंमत पाहता ती मोजक्याच लोकांपुरती राहिली. हायब्रिड गाडी मध्यमवर्गाच्या विचारात आली ती २०२२मध्ये. त्या एका वर्षात होंडा सिटीची हायब्रिड आवृत्ती, टोयोटाची हायरायडर, मारुती सुझुकीची ग्रँड विटारा आणि वर्षाच्या शेवटी इनोव्हा हायक्रॉस अशा गाड्या पुढे आल्या. हायरायडर आणि ग्रँड विटारा यांचा जाहीर आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर, सिटीचा सुरुवातीचा २६.५, तर आठ माणसांपर्यंत नेणाऱ्या हायक्रॉसचा २३.२४. हे आकडे खोटे नाहीत, पण ते ज्या परिस्थितीत निघतात ती नागावच्या रस्त्यावर नसते. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रुळांवर उभी करून, ठरलेल्या क्रमाने वेग वाढवत-घटवत सुमारे वीस मिनिटे चालवली जाते. त्या चाचणीत सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर असतो, एसी बंद असतो आणि चढ, वारा, पाऊस यांपैकी काहीच नसते. चाचणीचा हेतू दोन गाड्यांची तुलना एकाच मापाने व्हावी हा असतो. आपल्या गाडीने रोज तेवढेच ॲव्हरेज द्यावे, अशी अपेक्षा त्या आकड्यावरून धरणे चूक.

हायब्रिड हे नाव सध्या दोन फार वेगळ्या यंत्रणांना लावले जाते आणि तंत्र शिकण्याआधी हा फरक लक्षात घ्यावा लागतो. माइल्ड हायब्रिडमध्ये एक लहान मोटर पट्ट्याने इंजिनाला जोडलेली असते. सिग्नलला इंजिन बंद करणे, पुन्हा अलगद सुरू करणे आणि वेग घेताना थोडा हात देणे, एवढेच ती करते. तिच्या जोरावर गाडी एक मीटरही चालत नाही. २०१५पासून मारुतीच्या सियाझसारख्या गाड्यांत आलेली यंत्रणा या प्रकारची आहे. स्ट्राँग हायब्रिडमधली मोटर मात्र गाडी एकटीने ओढू शकते. टोयोटाच्या रचनेत इंजिन आणि दोन मोटर-जनित्रे एका ग्रहीय दंतचक्राने जोडलेली असतात, त्यामुळे इंजिनाची शक्ती क्षणोक्षणी चाके आणि जनित्र यांत वाटली जाते. होंडाच्या रचनेत शहरी वेगाला इंजिन बहुतेक वेळ फक्त वीज तयार करते आणि चाके मोटर फिरवते. महामार्गाच्या स्थिर वेगाला क्लच लागून इंजिन सरळ चाकांना जोडले जाते. या प्रस्तावनेतले बहुतेक विवेचन स्ट्राँग हायब्रिडबद्दल आहे. माइल्ड हायब्रिडच्या चालकाला त्यातला ब्रेक, वेग आणि टायर यांचा भाग तसाच लागू पडतो.

आता बॅटरीचा आकार. हायरायडर आणि ग्रँड विटारा यांची बॅटरी ०.७६ किलोवॅट-तासाची आहे. पूर्ण विजेवर चालणाऱ्या टाटा नेक्सॉनच्या पहिल्या आवृत्तीत ती ३०.२ किलोवॅट-तासांची होती, म्हणजे जवळजवळ चाळीस पट मोठी. शिवाय आयुष्य टिकावे म्हणून हायब्रिडची बॅटरी कधी पूर्ण भरू किंवा पूर्ण रिकामी होऊ दिली जात नाही. तिचा मधला पट्टाच वापरात येतो. सपाट रस्त्यावर संथ वेगाने या साठ्यावर गाडी दोन-तीन किलोमीटर जाईल. नागाव ते अलिबाग हे अंतरदेखील एका भरण्यात पुरे होणार नाही. उलट दिशेने पाहू. माणसे आणि सामान धरून दीड हजार किलोची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असताना तिच्या गतीत सुमारे ०.०६ किलोवॅट-तास ऊर्जा असते. म्हणजे ही बॅटरी प्रवासभर पुरणारे कोठार नाही. एका थांब्याची, एका उताराची ऊर्जा काही मिनिटांसाठी धरून ठेवून लगेच परत द्यायची, एवढ्यासाठीच ती आखलेली आहे.

ही देवाणघेवाण बिनखर्चाची नसते. चाकांकडून बॅटरीत आणि बॅटरीतून पुन्हा चाकांत जाताना ऊर्जेचा तिसरा हिस्सा तरी वाटेत गळतो. त्यावरून वेग कमी करण्याच्या तीन पद्धतींचा क्रम आपोआप ठरतो. सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे पुढचा अडथळा लांबूनच हेरून, ॲक्सिलरेटर हलका करून गाडीला स्वतःच्या गतीने वाहू देणे. यात ऊर्जेचे रूपच बदलत नाही, म्हणून गळतीही होत नाही. दुसरी पद्धत हलका आणि लांबवर ब्रेक लावण्याची. यात मोटर जनित्र बनते आणि वीज परत मिळते. तिसरी म्हणजे अडथळा जवळ आल्यावर जोरात ब्रेक दाबणे. बॅटरी एका क्षणात ठरावीक मर्यादेपर्यंतच वीज स्वीकारू शकते. त्यापलीकडचा सारा भार नेहमीचे घर्षणाचे ब्रेक उचलतात आणि ती ऊर्जा हवेत जाते. थांबण्याआधीच्या अगदी शेवटच्या काही मीटरमध्येही घर्षणाचाच ब्रेक काम करतो. पडद्यावर चार्जिंगचा बाण मोठा दिसला की चालकाला समाधान वाटते. पण तो बाण वारंवार मोठा होत असेल, तर आधी गरजेपेक्षा जास्त वेग घेतला गेला होता, हेच त्यातून कळते.

अलिबाग ते नागाव या रस्त्यावर या क्रमाचा रोज कस लागतो. वस्त्या, शाळा आणि मंदिरे यांच्यापाशी गतिरोधक आहेत. दोन गतिरोधकांच्या मध्ये ५० गाठून पुन्हा १५वर येणारा चालक आणि ३५वर राहून १५वर येणारा चालक नागावला जवळपास एकाच वेळी पोचतात. पण गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३५च्या तुलनेत ५०च्या वेगाला ती दुपटीहून जास्त असते. पहिला चालक प्रत्येक वेळी दुप्पट कमावतो आणि त्यातला मोठा भाग गमावतो. हायब्रिड गाडी त्याचे नुकसान कमी करते, भरून काढत नाही. या रस्त्यावर एसटी, रिक्षा आणि पर्यटकांच्या गाड्या समोरून येतात. ओव्हरटेकची घाई टाळून पुढच्या वाहनामागे चार गाड्यांचे अंतर ठेवले की त्याचा ब्रेकदिवा लागल्यावर पाय उचलणे पुरते, ब्रेक दाबावा लागत नाही.

या हळू वेगाला गाडी बराच वेळ फक्त विजेवर चालते आणि तिचा आवाज फारसा येत नाही. वाडीच्या गल्लीत चालणाऱ्या वृद्धाला किंवा सायकलवरच्या मुलाला मागे गाडी आल्याचे सहज कळत नाही. ॲव्हरेजपेक्षा ही गोष्ट मोठी आहे. अशा ठिकाणी पायी चालण्याच्या वेगाने जावे आणि माणसाने मागे वळून पाहेपर्यंत थांबावे. किनाऱ्याकडच्या गल्लीत समोरून गाडी आली की दोघांपैकी एकाला मागे जावे लागते. स्ट्राँग हायब्रिड मागे जाताना मोटरच्या बळावर जाते, त्यामुळे वारंवार मागेपुढे केल्यास बॅटरी उतरते आणि थोड्याच वेळात इंजिन सुरू होते. मुख्य रस्त्यालगत जागा पाहून गाडी उभी करावी आणि समुद्रापर्यंत चालत जावे. यात पेट्रोल वाचते आणि गल्लीही मोकळी राहते. पुळणीवर गाडी उतरवणे तर सर्वच दृष्टींनी टाळायचे. ओल्या वाळूत रुतलेले चाक फिरवत राहिल्याने मोटर तापते आणि भरतीची वेळ कोणासाठी थांबत नाही.

नागावात राहणाऱ्यांच्या किंवा सुट्टीत चार दिवस मुक्काम करणाऱ्यांच्या गाड्यांना एक वेगळा खर्च लागतो, तो थंड इंजिनाचा. गाडी सुरू केल्यावर पहिल्या मिनिटांत गरज असो वा नसो, इंजिन चालू होते, कारण त्याला स्वतः तापायचे असते आणि धुरातले घातक वायू शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवायचे असते. इंजिन ऊन होईपर्यंत संगणक त्याला सहजासहजी बंद करत नाही. सकाळी दुधासाठी चौलला, दुपारी भाजीसाठी अलिबागला आणि संध्याकाळी पुन्हा अलिबागला अशा तीन स्वतंत्र फेऱ्या केल्या, तर तिन्ही वेळा हा तापण्याचा खर्च नव्याने भरावा लागतो. तीच कामे एका फेरीत ओवली तर एकदाच. लहान फेऱ्यांत हायब्रिड गाडीचे ॲव्हरेज जाहीर आकड्याच्या निम्म्यावर आले, तर त्यात गाडीचा दोष नसतो. इंजिन तापत असताना गाडी जागेवर उभी ठेवण्याची मात्र काहीच गरज नाही. चालत्या गाडीत ते लवकर तापते. त्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत पाय हलका ठेवायचा, एवढेच.

काही गाड्यांत ईव्ही मोडचे बटण असते. ते दाबले की गाडी शक्य तोवर फक्त विजेवर चालते. अंगणातून गाडी बाहेर काढताना किंवा पहाटे शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून हे बटण ठीक आहे. इंधन वाचवण्यासाठी ते दाबणे मात्र बहुतेक वेळा उलट ठरते. त्याने रिकामी झालेली बॅटरी पुढे इंजिनालाच भरावी लागते आणि त्या येण्याजाण्यात गळती होते. इंजिन कधी चालवणे फायद्याचे, याचा हिशेब संगणक चालकापेक्षा चांगला करतो. त्याला तो करू द्यावा.

हाच विचार वेग घेण्याच्या बाबतीतही लागू पडतो. हायब्रिड गाडी फार हळूहळू पुढे काढावी, असा एक समज पक्का झाला आहे. या गाड्यांतली इंजिने ॲटकिन्सन पद्धतीची असतात. तापलेल्या वायूला आकुंचनापेक्षा जास्त प्रसरण करू देऊन ती त्यातून अधिक काम काढून घेतात. अशा चांगल्या इंजिनांची कार्यक्षमता सोयीच्या भारावर सुमारे ४० टक्क्यांपर्यंत जाते. हलक्या भारावर तीच फार खाली येते. म्हणून वेग घ्यायचाच असेल तर तो रेंगाळत घेऊ नये. शक्तिमापकाचा काटा ‘इको’ पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात ठेवून, ‘पॉवर’मध्ये जाऊ न देता, हवा तो वेग गाठावा आणि मग पाय उचलून पुन्हा हलकाच ठेवावा. पाय पूर्ण उचलला की मोटर वीज बनवू लागते आणि गाडी मंदावते. तो किंचित टेकवून ठेवला की वीज ना येते ना जाते आणि गाडी वाहत राहते. हा नेमका बिंदू पायाला सापडायला थोडा सराव लागतो. पण एकदा सापडला की या गाडीच्या चालवण्यातले निम्मे कसब हातात आले असे समजावे.

या दोन्ही हालचाली आलटूनपालटून करण्याचे एक तंत्र जगभर प्रसिद्ध आहे. वेग ६०वर न्यायचा, गाडीला ४५पर्यंत वाहू द्यायचे, पुन्हा ६०. मोकळ्या रस्त्यावर त्याने फरक पडतो, कारण इंजिन एक तर चांगल्या भारावर चालते किंवा बंद असते. पण पेण-अलिबाग रस्त्यावर हे करणे मागच्या वाहनांना त्रासाचे आणि धोक्याचे आहे. शिवाय हायब्रिड यंत्रणा इंजिन चालू-बंद करून हाच खेळ स्वतःच, गाडीचा वेग न बदलता खेळत असते. तेव्हा चालकाने त्याचा आग्रह धरण्यात फारसा अर्थ नाही.

वडखळला वाहतूक खोळंबली की हायब्रिड गाडीचा खरा फायदा दिसतो. साध्या पेट्रोल गाडीचे इंजिन तिथे उभ्याउभ्या जळत राहते. हायब्रिड गाडी चार पावले विजेवर पुढे सरकते आणि इंजिन बंदच ठेवते. पण इथेच एक जुनी सवय घात करते. गिअरच्या गाडीवर हात बसलेले चालक रांगेत थांबताच गाडी ‘एन’मध्ये, म्हणजे न्यूट्रलमध्ये, टाकतात. टोयोटाच्या रचनेत ‘एन’मध्ये असताना बॅटरी भरली जात नाही. इंजिन चालू असले तरी नाही. एसी मात्र बॅटरीवर चालू राहतो आणि ती उतरत जाते. रांगेत गाडी ‘डी’मध्ये ठेवून ब्रेकवर पाय ठेवावा, सोय असल्यास ब्रेक होल्ड वापरावा. थांबा लांबला तर ‘पी’ करावे. रांगेत पुढे जागा झाली की लगेच धाव घेऊन लगेच थांबण्यापेक्षा थोडे अंतर पडू द्यावे आणि एका संथ वेगाने सरकावे. मागून हॉर्न वाजतात, ते वाजू द्यावेत.

मोकळ्या रस्त्यावर हिशेब बदलतो. तिथे ब्रेक फारसा लागत नाही, म्हणून परत मिळवण्यासारखेही फार नसते. हवेचा विरोध हा मुख्य शत्रू होतो आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८०वरून १००वर गेले की तो दीडपटीच्याही वर जातो. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू सुमारे २१.८ किलोमीटर लांब आहे आणि त्यावर मोटारींना ताशी १००ची मर्यादा आहे. ते अंतर ८०ने गेल्यास १००ने जाण्यापेक्षा सुमारे सव्वातीन मिनिटे जास्त लागतात. सेतूवर वाऱ्याला अडवणारे काही नाही. पावसाळ्यात पश्चिमेकडून येणारा वारा मुंबईहून सेतूच्या दुसऱ्या टोकाकडे, चिर्ल्याकडे, जाताना काहीसा पाठीशी असतो, परतताना काहीसा तोंडावर येतो. ताशी २०चा वारा समोरून असेल तर ८०ने धावणाऱ्या गाडीला हवा १००च्या वेगाने भिडते. परतीच्या प्रवासात ॲव्हरेज घसरण्याचे कारण कित्येकदा एवढेच असते. छतावर कॅरियर आणि त्यावर बांधलेले सामान असेल तर हा विरोध आणखी वाढतो. डिकीत ठेवलेल्या पांढऱ्या कांद्याच्या माळांनी वा नारळांच्या गोणीने तेवढे नुकसान होत नाही. जास्तीच्या वजनाला वेग देताना खर्ची पडलेल्या ऊर्जेचा काही भाग थांबताना परत मिळतो, हवेला दिलेली ऊर्जा मात्र कधीच परत येत नाही.

मुंबईहून रो-रो बोटीने मांडव्याला उतरणाऱ्या गाड्यांचा मोठा रस्ता वाचतो. बोटीवर तासभर उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन काहीसे थंड झालेले असते, त्यामुळे मांडवा सोडताना थोडा वेळ ते चालू राहते. त्यात वावगे काही नाही.

पुण्याच्या चालकासाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग बोरघाटाचा. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या थोडे वर आहे आणि खोपोली घाटाच्या पायथ्याशी. उतार साडेपाचशे मीटरचा धरला तर दीड हजार किलोच्या गाडीत या उंचीमुळे सुमारे सव्वादोन किलोवॅट-तास ऊर्जा दडलेली असते. घाट उतरताना टायरांचे घर्षण आणि हवा त्यातला एक तृतीयांशाच्या आसपास भाग खातात. उरलेल्या ऊर्जेतली बरीचशी परत मिळण्यासारखी असते, पण ०.७६ किलोवॅट-तासाच्या बॅटरीत जागा आहे कुठे? म्हणून घाट निम्मा उतरेपर्यंतच बॅटरी भरल्याचे दिसते आणि पुढची सारी ऊर्जा वाया जाते. घाटमाथ्यावर बॅटरी जितकी रिकामी, तितका उतार पदरात पडतो. लोणावळा-खंडाळ्याच्या संथ रहदारीत बॅटरी खाली आली असेल तर ती भरण्याची काळजी करू नये. उलट ते सोयीचे आहे. उतरताना वेग कमी ठेवावा. घाटातली वेगमर्यादा सपाटीपेक्षा बरीच कमी असते, ती बॅटरीच्या दृष्टीनेही योग्यच आहे. हळू उतरणाऱ्या गाडीकडून वीज थोड्या दराने आणि जास्त वेळ येते, भरेपर्यंत बॅटरी ती पूर्ण स्वीकारू शकते.

बॅटरी भरली की उतारावर इंजिनाचा आवाज अचानक वाढतो. बरेच चालक दचकतात आणि पेट्रोल जळते आहे असे समजतात. खरे तर त्या वेळी इंजिनाला पेट्रोल दिले जात नाही. जास्तीची ऊर्जा खर्चण्यासाठी जनित्र त्याला नुसते फिरवत असते आणि त्यामुळे चाकांना आवर बसतो. टोयोटाच्या गाड्यांतली ‘बी’ ही जागा याच कामासाठी आहे. ती घाटात, बॅटरी भरल्यानंतर वापरायची. सपाट रस्त्यावर ‘बी’मध्ये गाडी चालवली की जास्त वीज मिळते, हा गैरसमज आहे. प्रत्यक्षात त्यात परत मिळू शकणारी ऊर्जा इंजिन फिरवण्यात जाते. होंडाच्या सिटीत स्टिअरिंगमागच्या कळींनी वेग रोखण्याचे प्रमाण पायरीपायरीने वाढवता येते आणि उतारावर ते ब्रेक वाचवते. घाटात गाडी ‘एन’मध्ये टाकून सोडणे हा प्रकार साध्या गाडीत जितका धोक्याचा, तितकाच हायब्रिडमध्येही, आणि इथे तो तोट्याचाही आहे. वीज मिळणे थांबते आणि सारा भार घर्षणाच्या ब्रेकवर येऊन ते तापतात.

परतताना हाच घाट चढायचा असतो. सव्वादोन किलोवॅट-तासांची उंची कमवायला इंजिनाला सपाटीपेक्षा सुमारे पाऊण लिटर पेट्रोल जास्त लागते आणि कोणत्याही कौशल्याने ते टळत नाही. खोपोलीपर्यंत बॅटरी मध्यम भरलेली असावी. चढावर ईव्ही मोडचा प्रयत्न करू नये आणि एकाच वेगाने चढावे. इंजिन एकाच सुरात मोठ्याने वाजत राहते, गाडीचा वेग मात्र तेवढा वाढत नाही. गिअरच्या ठरावीक पायऱ्या नसलेल्या ई-सीव्हीटी यंत्रणेत हे स्वाभाविक आहे. आवाज त्रासदायक वाटला तर वेग पाच-दहा किलोमीटरने उतरवावा. कार्लेखिंड या मानाने लहान आहे. तिचा चढ इंजिनावर चढून पलीकडचा उतार बॅटरीत जिरवता येतो आणि तिथे काहीच वाया जात नाही.

मे महिन्यात नागावच्या दमट उकाड्यात एसी बंद ठेवा, असे कोणाला सांगणे व्यर्थ आहे. स्ट्राँग हायब्रिडमधला कॉम्प्रेसर विजेवर चालतो, म्हणून इंजिन बंद असतानाही थंडावा मिळतो, पण ती वीज शेवटी इंजिनच पुरवते. उन्हात तापलेल्या गाडीत बसताच एसी पूर्ण वाढवण्यापेक्षा मिनिटभर काचा उघडून आतली कोंडलेली गरम हवा जाऊ द्यावी, मग तापमान २५-२६वर ठेवून आतलीच हवा फिरती ठेवावी. गाडी सावलीत लावावी. नारळाखाली मात्र नको, सुरूच्या सावलीत लावलेली बरी. वाळूत खेळून आलेल्या मुलांची वाट पाहत अर्धा तास एसी चालू ठेवून बसले की इंजिन मधूनमधून सुरू होते आणि एकही किलोमीटर न जाता पेट्रोल जाते. पावसात काचेवरचे धुके घालवायला एसी लागतोच, तो लावावा. ओल्या रस्त्यावर टायरांना पाणी ढकलावे लागते, त्यामुळे पावसाळ्यातले ॲव्हरेज कमी येणे साहजिक आहे.

बॅटरीलाही थंडावा लागतो. अनेक टोयोटा हायब्रिड गाड्यांत मागच्या आसनाजवळ एक जाळी असते आणि बॅटरीला थंड करणारी हवा तिथून आत ओढली जाते. समुद्रावरून परतताना ओले टॉवेल, पिशव्या, चटया नेमक्या त्या जाळीवर टाकल्या जातात. हवा अडली की बॅटरी तापते, तिची वीज घेण्या-देण्याची क्षमता संगणक कमी करतो आणि इंजिन जास्त चालते. जाळीच्या फिल्टरमध्ये वाळू आणि केस अडकतात. किनारपट्टीवर नियमित वावरणाऱ्या गाडीचा हा फिल्टर सर्व्हिसिंगच्या वेळी आवर्जून साफ करून घ्यावा.

टायरमधली हवा हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे. दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या तक्त्यात माणसे आणि सामान यांनुसार दाब दिलेला असतो. तो टायर थंड असताना मोजायचा. शंभर किलोमीटर धावून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो, तो खरा समजून हवा काढू नये. इंधनाचाही वाटा आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते, म्हणजे अशा मिश्रणाच्या एका लिटरात शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. जुन्या आकड्यांशी तुलना करताना हे ध्यानात ठेवावे.

तंत्राचा उपयोग झाला की नाही, हे पडद्यावरच्या आकड्यावरून ठरवू नये. टाकी पंपाच्या पहिल्या आपोआप थांबण्यापर्यंत भरायची, ट्रिपमीटर शून्यावर आणायचा आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच भरून किलोमीटरांना लिटरांनी भागायचे. एका प्रवासाचा आकडा फसवतो. पुण्याहून नागावला येणारी गाडी साडेपाचशे मीटर खाली उतरते, म्हणून येतानाचे ॲव्हरेज नेहमीच सुखावणारे असते आणि जातानाचे नाराज करणारे. पुणे-नागाव-पुणे अशा पूर्ण फेरीचा आकडाच खरा. मुंबईच्या गाडीची दोन्ही टोके समुद्रसपाटीला आहेत, तिथे उंचीचा फरक नसतो, पण वारा आणि वडखळची गर्दी असते. म्हणून एकाच ऋतूतल्या तीन-चार टाक्यांची सरासरी धरावी आणि तिची तुलना पुढच्या वर्षीच्या त्याच ऋतूशी करावी. उन्हाळ्याची पावसाळ्याशी नव्हे.